मोरीला झंपर

माझ्या शार्कवरच्या पीएचडी प्रबंधातल्या एका तक्त्यात चार महिन्यांच्या रकान्यांमध्ये नुसत्या आडव्या रेघा आहेत. एप्रिल, मे, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२३. खाली तळटीप : 'या काळात मोजणी होऊ शकली नाही.' जून-जुलैचे रकाने सगळ्याच वर्षी रिकामे आहेत, कारण तेव्हा पावसाळी मासेमारी बंदी असते. त्याबद्दल कुणी विचारत नाही. पण व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरोबर त्या चार रेघांवर बोट ठेवलं. ते पुढे सांगते.

मी मूळची सांगोल्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की सगळी गल्ली कळश्या घेऊन धावते. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बी.एस्सी.च्या सहलीत, मालवणला. सगळे किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीच्या रांगेत उभे होते आणि मी दांडीच्या किनाऱ्यावर एका टोपलीपाशी थांबले होते. टोपलीत हातभर लांबीचे दहाबारा मासे, प्रत्येकाचं डोकं हातोड्यासारखं दोन्ही बाजूंना पसरलेलं. त्यांच्या पोटावर बारीक फट होती. जखम असेल असं वाटलं. ती नाभी होती, अजून न मिटलेली, म्हणजे पिल्लं जन्मून फार दिवस झाले नव्हते. हे मला दोन-तीन वर्षांनी कळलं, एम.एस्सी. करताना पुस्तक वाचत असताना. त्या क्षणी बसस्टॉपवर होते आणि माझी बस निघून गेली, एवढं लख्ख आठवतं.

'सागरी संवर्धन' या नावाची पीएचडी मी शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे बहुतेकांची नोंदणी दुसऱ्याच नावाखाली होते : प्राणिशास्त्र, मत्स्यविज्ञान, पर्यावरणशास्त्र, सागरी विज्ञान. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था. तिन्ही ठिकाणच्या लोकांशी बोलले. मत्स्यविज्ञानवाल्यांसाठी मासा म्हणजे उत्पादन, टनांत मोजायचं. वन्यजीववाल्यांसाठी तोच मासा म्हणजे प्राणी, एकेक करून मोजायचा. पुढे सरकारी कचेऱ्यांतही हीच फाळणी भेटली. बोटीत असेपर्यंत मासा मत्स्य विभागाचा, आणि तो वन्यजीव कायद्याच्या यादीत निघाला की वन विभागाचा. मला दोन्हीकडची पत्रं लागली. शेवटी मी प्राणिशास्त्रात नोंदणी केली, मुंबईत, कारण गाइड तिथे मिळाले.

गाइड मिळवणं ही प्रवेश परीक्षेपेक्षा अवघड गोष्ट आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली होती, म्हणून पैशांचा प्रश्न नव्हता. तेव्हा महिना ३१ हजार आणि वर घरभाडं मिळायचं. पण शार्कवर काम करणारे आणि शिवाय जागा रिकामी असलेले गाइड मोजकेच. मी वीसेक ईमेल पाठवले. ज्या सरांनी बोलावलं त्यांनी मार्क विचारले नाहीत. विचारलं, "पोहता येतं?" मी म्हटलं, नाही. "अनोळखी माणसांशी बोलता येतं?" मी म्हटलं, येतं. "मग चालेल. उलटं असतं तर चाललं नसतं."

हे तेव्हा गमतीने बोलले असं वाटलं. मी कशावर संशोधन करते हे ऐकलं की नातेवाईकांच्या डोळ्यांसमोर ऑक्सिजनची नळकांडी आणि प्रवाळ येतात. सगळ्या पीएचडीत मी पाण्याखाली एकदाच गेले, तारकर्लीला, स्वतःच्या पैशाने, सुट्टीच्या दिवशी, आणि अर्धा वेळ मुखवट्यात शिरलेलं पाणी काढण्यात गेला. बाकी सगळं काम जेट्टीवर, ओल्या सिमेंटवर उकिडवं बसून.

२०१९ च्या दुसऱ्या सहामाहीत कोर्सवर्क झालं. संख्याशास्त्र उपयोगी पडलं, बाकीचं आता आठवत नाही. मग संशोधन समितीपुढे विषय मांडायचा होता. मी उत्साहाने 'महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील शार्क आणि पाकट' असं काहीतरी नेलं. (पाकट म्हणजे शार्कचाच चपटा, पसरट भाईबंद.) समितीतल्या एका मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "७२० किलोमीटर किनारा तुम्ही कशाने फिरणार? एसटीने?" विषय कापत कापत मालवण तालुक्यातल्या दोन ठिकाणांवर आला. तेव्हा अपमान वाटला. नंतर कळलं की दोन ठिकाणंही एका माणसाला जड आहेत, कारण बोटी दोन्हीकडे एकाच वेळी लागतात.

समितीची दुसरी अट मला जास्त भोवणार होती. मच्छीमारांच्या मुलाखती घेणार असाल तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या, नाव आणि सही असलेला फॉर्म हवा. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, वाद नाही. फक्त तो करणाऱ्यांनी मालवणच्या किनाऱ्यावर कुणाकडे सही मागून पाहिलेली नसावी.

त्याला कारण आहे. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र तसं लहानच, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटर. पण ते गावाच्या दारातलं पाणी. ज्यांच्या होड्या त्यात फिरत होत्या त्यांनी तेव्हापासून विरोध केला, आणि तो पुढच्या पिढीतही उतरला. 'अभयारण्य' हा शब्द तिथे उच्चारला की समोरचा माणूस गप्प होतो. अशा ठिकाणी मुंबईहून आलेली मुलगी कागद पुढे करून म्हणते, इथे नाव लिहा, इथे सही करा. पहिल्याच तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) फॉर्म शांतपणे घडी घालून मला परत दिला. "बोलतंय मी. काय विचारूचा ता विचार. पण सही नाय." पंधरा दिवसांत मी एकही सही मिळवली नाही. शेवटी समितीकडे परत अर्ज केला आणि तोंडी संमती, तीही नावाशिवाय, अशी परवानगी मिळवली. वहीत कुणाचंही नाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक. तेव्हा मला ही माघार वाटली होती.

मोजणी जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात उभं जाळं लावणाऱ्या, बोटी पहाटे लागतात, जाळं ओढत नेणारे ट्रॉलर संध्याकाळी. मासळी उतरते, लिलाव होतो, टोपल्या टेम्पोत जातात. माझ्या हातात असायची ती मधली दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात टोपलीतली मोरी, म्हणजे लहान शार्क, काढायची, लांबी मोजायची, नर की मादी पाहायचं, फोटो घ्यायचा, आणि मासा होता तसा परत ठेवायचा. नर ओळखणं सोपं : पोटाखालच्या परांपाशी दोन काड्यांसारखे अवयव असतात. ते मऊ असतील तर नर अजून लहान, कडक झाले असतील तर वयात आलेला. मादीचं पोट टोपलीत चिरता येत नाही, म्हणून जिथे मासा कापून विकतात त्या बायकांशेजारी जाऊन बसायचं. त्यांनी चिरलं की पोटात पिल्लं आहेत का ते मोजायचं. शार्कमधल्या कितीतरी जाती थेट पिल्लं देतात आणि मोरी त्यातलीच. हे मी त्यांना सांगायला गेले आणि अर्थात हशा झाला.

मोजायला मी शिंप्याकडची कापडी टेप आणली होती. मऊ, गुंडाळून खिशात मावणारी. नाकापासून पोटावरून शेपटीच्या टोकापर्यंत लावायची. पहिल्याच आठवड्यात कोयत्याची धार पुसत एक मावशी म्हणाली, "मोरयेक झंपर शिवतलंस काय गो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि तीन महिने तशीच मोजत राहिले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मी शेवटच्या गाड्यांपैकी एकीने सांगोल्याला पोहोचले आणि घरी बसून जुने शोधनिबंध वाचायला लागले. एकात मोजणीची आकृती होती. मासा सपाट फळीवर आडवा, आणि लांबी सरळ रेषेत, अंगाच्या वळणावरून नव्हे. पोटावरून टेप घातली तर पोट जितकं फुगलेलं तितकी लांबी जास्त भरते. म्हणजे गाभण माद्या माझ्या वहीत होत्या त्यापेक्षा लांब झाल्या होत्या, आणि लांबी किती असताना मादी वयात येते हाच तर माझा प्रश्न होता. झंपराचंच माप घेत होते मी. सरांना फोन केला. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन महिनेच गेले ना? बाकीच्यांचं सगळं वर्ष चाललंय." ती सगळी पानं बाद झाली. अजून आहेत माझ्याकडे. पेन्सिलीने लिहिलेली असल्यामुळे एक अक्षरही फुटलेलं नाही, हीच काय ती त्यांची जमेची बाजू. (जेट्टीवर जाणाऱ्याने पेन नेऊ नये. ओल्या कागदावर फक्त पेन्सिल टिकते. मला हे कुठल्याही कोर्सवर्कमध्ये शिकवलं नाही.)

ऑक्टोबर २०२० मध्ये मी परत गेले, या वेळी एक मीटरची ताठ पट्टी घेऊन. ती काही महिन्यांत लाटेने नेली. मग परत टेप, पण आता फळीवर दोन खिळ्यांनी ताणलेली. दांडीजवळ एक खोली घेतली आणि तीन हंगाम तिथे राहिले.

खरं शिक्षण झालं ते नावांचं. सरकारी आकडेवारीत आणि बाजारात 'मोरी' किंवा 'मुशी' एवढा एकच शब्द. पण टोपलीत चार-पाच जाती असतात. सगळ्यात जास्त असते ती लहानशी, चपट्या टोकदार नाकाची, करड्या पाठीची. ही जात लवकर वयात येते, एका वेळी डझनभर पिल्लंही देते. शार्कमध्ये हा अपवाद आहे. मासेमारीचा ताण सहन करून ती टिकून राहिलीय ती त्यामुळेच. तिच्याच टोपलीत त्याच आकाराची दुसरी पिल्लं असतात, काळ्या टोकाच्या परांच्या शार्कची किंवा हातोडी डोक्याच्या शार्कची. या जाती मोठ्या झाल्या तर माणसाहून लांब होतात, पण त्यांना वयात यायला कित्येक वर्षं लागतात. बांगडा लाखाच्या आसपास अंडी सोडतो. त्यातली बहुतेक गेली तरी बांगडा उरतो. हातोडी शार्कचं तसं नाही, म्हणूनच त्यातली एक मोठी जात आज जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. दोन्ही एका टोपलीत, एका नावाखाली, एका भावाने जातात. लहान मोरी भरपूर येते म्हणून 'मोरी भरपूर आहे' असं वाटतं, आणि त्या भरपुरात दुसरी कधी संपली ते कळत नाही.

मला वाटलं हे माझं निष्कर्ष प्रकरण. मग एकदा मी मावशीला दोन पिल्लं शेजारी ठेवून विचारलं, यात फरक दिसतो का. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला कोथिंबीर आणि मेथीतला फरक विचारतेय. कानमुशी वेगळी, ही वेगळी, तिचं मांस राठ, हिचं बाळंतिणीला चालतं. बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात, दूध येतं म्हणून. तिथे कुठली मोरी हे नीट बघून घेतात. म्हणजे ज्ञान होतं. फक्त लिलावात आणि सरकारी तक्त्यात त्याला जागा नव्हती, कारण बाकी कुठल्या खरेदीत त्या फरकाचे पैसे मिळत नव्हते. माझ्या प्रबंधात स्थानिक नावांचं परिशिष्ट आहे ते त्या दिवसापासूनचं.

मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर माडांचा आवाज, सकाळी रस्त्यावर झाडं, तारा, पत्रे. वीज कितीतरी दिवस नव्हती. होड्या लोकांनी आधीच वर ओढून बांधल्या होत्या, तरी काही फुटल्या. त्या हंगामाचे शेवटचे दिवस मोजणीचे राहिले नाहीत, आणि तेव्हा मोजणीचं नाव काढायची लाजही वाटली. पुढचं वर्ष, २०२१-२२, हे माझं सगळ्यात चांगलं वर्ष. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, रोज उठले आणि मोजलं.

आता त्या चार रेघा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात साइट्सची बैठक झाली. वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार. तिथे मोरी ज्या कुळात येते ते सगळं कुळ दुसऱ्या परिशिष्टात घालायचं ठरलं, म्हणजे परदेशी पाठवायचं असेल तर त्यासाठी परवाना लागणार. अंमल वर्षभराने. पुढच्याच महिन्यात आपल्या संसदेत वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली, याद्या नव्याने मांडल्या गेल्या, आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. व्हेल शार्क, करवत मासा वगैरे जाती आधीपासूनच, २००१ पासून, यादीत होत्या. आता यादी लांबली. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या तारखा. मालवणात त्या मोबाइलवरून पोहोचल्या त्या एकच होऊन : मोरी बंद झाली. पकडली तर तुरुंग.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी नेहमीसारखी फळी घेऊन गेले. मावशीच्या टोपलीला हात लावला तर तिने टोपली ओढून घेतली.

"हात लाव नको."

मला वाटलं गंमत करतेय. ती करत नव्हती. "तीन वर्सा लिवतंस. आमचीच मोरी आमकाच बंद करुक इलंस?"

शेजारच्या बायका माझ्याकडे पाहत नव्हत्या. ज्यांच्या घरी मी जेवले होते, ज्यांच्या मुलींचे दहावीचे फॉर्म भरून दिले होते, त्या. मी समजावून सांगायला लागले, की ही रोजची लहान मोरी पकडायला, विकायला, खायला बंदी नाही, नियम परदेशी व्यापाराचा आहे. शब्दन् शब्द खरा होता. पण बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, की १९८७ मध्येही कुणीतरी इथे उभं राहून असंच, शांतपणे, बरोबर शब्द वापरून बोललं असेल. शिवाय एक गोष्ट मी टाळत होते. माझ्या वहीतले आकडे मी ज्यांना देणार होते ते उद्या काय करतील याची हमी माझ्याकडे नव्हती. बंदी मी आणली नव्हती. पण बंदी आणायची असेल तर असल्याच वह्या लागतात.

मी दोन महिने रोज जेट्टीवर जाऊन बसले, वही न काढता. सर म्हणाले, मुंबईला ये, आहे त्यावर लिही. विद्यापीठाच्या दृष्टीने ते पुरेसं होतं. पण हंगाम अर्धवट सोडून निघून गेले असते तर मोरी मीच बंद केली हे तिथे कायमचं ठरलं असतं. जून-जुलै घरी काढले. आईने एकदाच विचारलं, "त्यांनी नाही म्हटलं तर तू दुसरं काही मोजू शकत नाहीस का?" ऑगस्टमध्ये परत गेले. ऑगस्ट, सप्टेंबर तसेच गेले.

ऑक्टोबरमध्ये एका तांडेलकाकांच्या जाळ्यात व्हेल शार्क अडकला. त्यांनी जाळं कापून सोडला. महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून अशी योजना आहे, की संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, पण फोटो किंवा व्हिडिओ हवा, अर्ज हवा, कागद हवेत. मुलाने मोबाइलवर शूटिंग केलेलं होतं. अर्ज कोण भरणार? माझ्याकडे आले. मी भरला, कचेरीत दोन चकरा मारल्या, जाळ्याच्या किमतीचा कागद जोडला. पैसे नंतर आले, तेव्हा मी मालवणात नव्हते. पण त्या आठवड्यात अर्ज भरताना मावशी येऊन शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझी ती वही दाखव."

वही इंग्रजीत होती. मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवायला लागले. तारीख, दांडी, मोरी, मादी, लांबी ५२ सेंटीमीटर, पोटात पिल्लं अकरा. पुढची ओळ. पुढची. तिने बरंच ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझा नाव खय हा ह्यात?"

"नाही. कुणाचंच नाही."

"होडयेचा?"

"तेही नाही. नुसता नंबर."

तिने वही हातात घेतली, पानं उलटली, जणू लपलेलं नाव शोधतेय. मग परत दिली. दुसऱ्या दिवशी टोपली पुढे सरकवली, माझ्याकडे न पाहता. सहीचे फॉर्म भरून घेतले असते तर त्या दिवशी मला हे उत्तर देता आलं नसतं. पहिल्या काकांनी घडी घालून परत दिलेला तो कागद मला तेव्हा आठवला.

डिसेंबर २०२३ मध्ये मोजणी थांबवली. लिहिण्याच्या वर्षाबद्दल फार सांगत नाही. माझ्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं आणि दोन परिषदांत सादरीकरण सक्तीचं होतं. २०२२ च्या नव्या नियमांनी निबंधाची सक्ती काढली, पण ती नंतर नोंदणी केलेल्यांसाठी. पहिल्या नियतकालिकाने 'विषय फार स्थानिक आहे' म्हणून परत पाठवला. दुसऱ्याच्या परीक्षकाने विचारलं, लांबी सरळ रेषेत मोजली की अंगावरून? मी उत्तर लिहिताना हसत होते. फेलोशिपचे ४२ हजार जानेवारी २०२३ पासून लागू झाले होते, पण पाच वर्षं संपली तशी तीही संपली, आणि शेवटचे महिने क्लासमध्ये शिकवून काढले. ज्यांना यात यायचंय त्यांनी हे शेवटचं वर्ष धरून हिशेब करावा. पाच वर्षांत कुणाचं संपत नाही, आणि ज्याचं संपतं त्याने समुद्रावर काम केलेलं नसतं.

व्हायवा २०२५ मध्ये झाली. खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आई-बाबा मागच्या रांगेत होते, आई पूर्ण वेळ पिशवीचा बंद हातात धरून. परीक्षकांनी तक्ता पडद्यावर परत आणायला सांगितला आणि त्या रेघांवर लेझर धरला. "हे चार महिने तुम्ही आजारी होता का?"

मी ठरवून गेले होते, की 'क्षेत्रीय अडचणी' एवढंच म्हणायचं. पण तो शब्द तोंडातून निघेना. मग सांगितलं, पनामा, एप्रिल, टोपली, वही, सगळं. दहा मिनिटं बोलले असेन. त्यांनी विचारलं, "हे प्रबंधात का नाही?" मी म्हटलं, पद्धतीच्या प्रकरणात बसत नव्हतं. ते म्हणाले, "बसवा." दुरुस्तीत तेवढं एकच काम निघालं, दीड पान. छापील प्रतीत आता तळटीपेच्या जागी ते दीड पान आहे. वर सुरुवातीला दिलेली ती तळटीप फक्त माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या फाइलमध्ये उरली आहे.

बाहेर येऊन पेढे वाटता वाटता मोबाइल पाहिला. मालवणहून निघताना फळी आणि टेप मी मावशीकडेच ठेवून आले होते, परत आणायचा कंटाळा म्हणून. तिच्या मुलीच्या नंबरवरून एक फोटो आला होता. सिमेंटवर एक मोठं ठिपक्याठिपक्यांचं पाकट, आणि खाली मावशीचा आवाज : "ह्या खयचा ता सांग. आधी बघूक नाय." पाकटाच्या आडवं, परांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, टेप लावलेली होती. पाठीवरून नाही. खाली जमिनीवर, दोन दगडांमध्ये ताणून.